दुसरा आणि चौथा शनिवार: एका विद्यार्थिनीचा रियाज आणि तिच्या घरचे तंबू

गाण्याच्या क्लासमधली मोठी माणसं गळतात ती बहुधा दोन वेळा: जूनमध्ये मुलांच्या शाळा सुरू झाल्या की, आणि दिवाळीनंतर. भांडून कुणी जात नाही. आधी एक शनिवार बुडतो, मग "ताई, पुढच्या आठवड्यात नक्की" असा मेसेज येतो, मग मेसेजही थांबतात. पुण्यात गेली सव्वीस वर्षं मी गाणं शिकवते आहे. अशी गेलेली माणसं मला नावानिशी आठवतात, कारण त्यांतल्या कित्येकांचा गळा चांगला होता. म्हणून जी विद्यार्थिनी जाता जाता राहिली, तिचं प्रकरण सविस्तर लिहून ठेवावंसं वाटलं. तिच्या परवानगीने लिहिते आहे. नावं आणि ओळख पटेल असे तपशील वगळले आहेत.

ती तेव्हा एक्केचाळीस वर्षांची होती, बँकेत अधिकारी. नवरा आयटीत. मुलगी आठवीत, मुलगा तिसरीत, आणि घरात सासूबाई. लग्नाआधी तिने गांधर्व महाविद्यालय मंडळाची मध्यमा प्रथम ही गाण्याची परीक्षा दिली होती. मग बदल्या, बाळंतपणं, सासऱ्यांचं आजारपण यांत बारा वर्षं गेली आणि ती पुढच्या, मध्यमा पूर्ण परीक्षेची तयारी करायला माझ्याकडे आली. गायक विष्णु दिगंबर पलुस्करबुवांनी ५ मे १९०१ रोजी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं, तेव्हा गाणं चारचौघांच्या घरात पोचावं हीच त्यांची धडपड होती. दिवसभर नोकरी करून, डबे भरून, चाळिशीत परीक्षेला बसणारी बाई समोर आली की मला त्यांची आठवण होतेच.

घरातलं दुसरं प्रेम म्हणजे तंबू. नवरा अकोले तालुक्यातला, भंडारदऱ्याच्या परिसरात वाढलेला. दोन तंबू, चार स्लीपिंग बॅगा, गॅसची छोटी शेगडी आणि एक पिचलेलं पातेलं एवढा त्यांचा संसार गाडीच्या डिकीत कायम असे. तिला स्वतःलाही ते मनापासून आवडायचं. एकदा ती म्हणाली होती, "ताई, घरी मुलीला दहा प्रश्न विचारले तर एकाचं उत्तर मिळतं. तंबूत दिवा मालवला की ती आपणहून बोलायला लागते." हे वाक्य मी मुद्दाम नोंदवते, कारण पुढे मी तिला सल्ले देताना नेमकं हेच विसरले.

अडचण अशी होती. दर महिन्याला एकदा बाहेर राहायला जायचं असं घरात ठरलेलं होतं, आणि प्रत्यक्षात वर्षभरात तीनदाच जमलं होतं. रियाज रोज तासभर ठरला होता, तो आठवड्यातून दोनदा होत होता. क्लास शनिवारी संध्याकाळी पाचला, तोही निम्मा बुडत होता. कॅम्पिंग रद्द झालं की मुलं हिरमुसायची आणि कारण "आईचं गाणं" असायचं. क्लास बुडला की तिला माझ्याकडे यायची लाज वाटायची. दोन्हीकडून ती अपराधी.

पहिला उपाय मी सुचवला आणि तो चुकीचा होता. मी म्हटलं, पेटी घेऊन जा की बरोबर. मोकळ्या हवेत रियाज होईल, मुलांच्या कानावर सूरही पडेल.

नोव्हेंबरातला चौथा शनिवार धरून ते पवना धरणाच्या काठी गेले. समोर तुंग, एका अंगाला लोहगड, जागा छानच. शेजारच्या गटाने मोठा स्पीकर आणला होता. रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर स्पीकर लावायला कायद्याने बंदी आहे, पण ते सांगायला कोण जाणार? साडेअकरापर्यंत दणदणाट. पेटी तंबूच्या दाराशी चादरीखाली ठेवलेली होती. पहाटे ती उठून बघते तर चादर दवाने ओली गच्च. पेटी उघडली तर मध्य सप्तकाच्या दोन पट्ट्या दाबल्यावर वर येईनात, बोटाने उचलाव्या लागत होत्या. भात्याला दमट वास. लाकूड ओल धरतं, फुगतं, हे मला माहीत असायला हवं होतं. मी स्वतः पावसाळ्यात पेटीजवळ कापूर ठेवते आणि तबल्याच्या पुड्या ऐन श्रावणात कशा उतरतात हे दरवर्षी बघते. तरी तिला सांगताना ते डोक्यात आलं नाही.

पट्ट्यांचं काम पुढे पेटीवाल्याने दोन दिवसांत करून दिलं. खरं नुकसान सकाळचं होतं. ती तंबूत बसून पेटीशिवाय पलटे, म्हणजे स्वरांच्या उलटसुलट रचना, घोकत होती, आणि मुलगा बाहेर गळ घेऊन उभा. बापाने शिकवलेली गाठ त्याला आईला दाखवायची होती. तो दोनदा आत डोकावला, दोनदा तिने हाताने "थांब" केलं. तिसऱ्यांदा तो आलाच नाही. हे तिने मला फेब्रुवारीत सांगितलं, आणि सांगताना तिचे डोळे भरून आले. मग म्हणाली, "ताई, या वर्षी राहू दे. मुलं मोठी झाली की बघू."

"मुलं मोठी झाली की" हे मी फार जणींकडून ऐकलं आहे. मुलं मोठी होतात, मग आईवडिलांची आजारपणं येतात, मग गळ्याची ठेवण बदललेली असते. मी तिला एवढंच म्हटलं की निर्णय गुढीपाडव्यापर्यंत थांबव आणि तोवर तीन आठवडे वही ठेव. कधी उठलीस, कधी मोकळी होतीस, कधी गायलीस, एवढंच लिही. स्वतःला नावं ठेवू नकोस, फक्त वेळा लिही.

वही मी आणि तिने एका गुरुवारी रात्री समोरासमोर बसून वाचली. गुरुवार असा की बँकेतून सुटून ती आठला येऊ शकली. त्या वेळी मला पहिल्यांदा लख्ख दिसलं की शनिवारचा क्लास तिच्यासाठी नुसता कागदावर होता. सप्टेंबर २०१५ पासून बँकांना दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी सुट्टी असते आणि बाकीचे शनिवार पूर्ण कामाचे. म्हणजे पहिल्या, तिसऱ्या आणि असलाच तर पाचव्या शनिवारी ती पाचला शाखेतच अडकलेली. दुसऱ्या आणि चौथ्याला घरचे लोक दुपारी गाडीत सामान भरत असत. दोन वर्षं मी तिला "शनिवार चुकवू नकोस" म्हणत होते आणि त्या शनिवारात तिच्या वाट्याला एकही धड संध्याकाळ नव्हती. बँकेचा नियम मला माहीत होता, तिची नोकरी माहीत होती, पण दोन्ही गोष्टी मी एकमेकींशेजारी ठेवून कधी बघितल्या नाहीत. क्लास तिथल्या तिथे गुरुवारी रात्री आठला नेला. एवढ्या एका बदलाने अर्धी गाठ सुटली.

रियाजाची वेळ रात्री साडेनऊची होती. एकवीस दिवसांत ती पाळली गेली पाच वेळा. उरलेल्या सोळा दिवसांपुढे तिने प्रामाणिकपणे लिहिलं होतं: मुलाचा प्रकल्प, पाहुणे, डोकं दुखत होतं, मोबाइल, मोबाइल, झोपले. दिवसभर काउंटरवर बोलून बोलून रात्री तिचा आवाज बसलेला असायचा, त्यामुळे जे पाच दिवस झाले तेही ओढून ताणून. मात्र वहीत आणखी एक वेळ होती जिच्याकडे तिचं लक्षच नव्हतं. डब्यांसाठी ती रोज साडेपाचला उठत होती आणि सहापर्यंत घर झोपलेलं असे.

मी तिला वीस मिनिटं अलीकडे यायला सांगितलं. पाच वाजून दहा मिनिटांनी उठायचं, कोमट पाणी प्यायचं, स्वयंपाकघराचं दार लोटायचं, मोबाइलवर तानपुरा बारीक लावायचा आणि पावणेसहापर्यंत खर्ज. मध्य सप्तकातला षड्ज, म्हणजे सा, आणि त्याच्याखालचे मंद्र सप्तकातले स्वर, एकेक स्वर श्वास संपेपर्यंत. खर्जाला मोठा आवाज लागत नाही, त्यामुळे शेजाऱ्यांची झोपमोड नाही. कणीक मळता मळता बंदिशीचे शब्द. विलंबित एकतालाचा ठेका हातावर धरायचा तो बँकेत मधल्या सुट्टीत. लेखी परीक्षेचा अभ्यास, म्हणजे रागांची माहिती, स्वरलिपी, ताल लिहिणं, हे मुलं गृहपाठाला बसतात तेव्हा त्याच टेबलावर. ताना, म्हणजे जलद स्वरांच्या लडी, उरल्या. त्या मोकळ्या गळ्याने घ्याव्या लागतात, पहाटे ते शक्य नव्हतं. त्यांना गुरुवारचाच एक तास मिळाला आणि तो अपुरा पडला. हे पुढे परीक्षेतही दिसलं.

शनिवार-रविवारचा हिशेब आम्ही कॅलेंडर पुढे घेऊन केला. वर्षात सुट्टीचे शनिवार चोवीस. पावसाळ्यात, जूनच्या उत्तरार्धापासून सप्टेंबर संपेपर्यंत, त्यांच्या आवडीच्या घाटमाथ्यावर तंबू ठोकण्यात अर्थ नाही. घाटघरकडचा पाऊस म्हणजे काय, हे तिच्या नवऱ्याला वेगळं सांगायला नको. ते सात गेले. मार्चअखेर आणि मुलांच्या वार्षिक परीक्षा यांत तीन गेले. दिवाळीचा एक. लग्नकार्यं, बारशी, मुंजी धरून तीन. राहिले दहा. दहांतल्या दहा वेळा बाहेर राहिलं तर घर कधी आवरणार, म्हणून त्यांनी सहा ठरवले आणि नवऱ्याने त्या तारखा स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर लाल पेनाने लिहिल्या. "दर महिन्याला" हा शब्द घरातून गेला. मुलगा तारखांखाली बोट फिरवत मोजत होता, असं तिने सांगितलं. त्याला सहा हा आकडा कमी वाटला नाही. आधी त्याला बारा सांगून तीन मिळत होते.

मग सासूबाई. त्यांचा या प्रकरणातला वाटा मला सगळ्यांत मोठा वाटतो. त्या चातुर्मासात काही ना काही नेम करतात, कधी एकभुक्त, कधी पोथी. आषाढी एकादशीच्या आदल्या दिवशी त्या सुनेला म्हणाल्या, "अगं, या वर्षी तू गाण्याचा नेम धर. कार्तिकीपर्यंत. नेम म्हटला की मोडता येत नाही, आणि घरातले पण मोडू देत नाहीत."

मी हे ऐकलं आणि थक्क झाले. मंडळाच्या परीक्षा वर्षातून दोनदा होतात, एप्रिल-मे आणि नोव्हेंबर-डिसेंबर. चातुर्मास आषाढ शुद्ध एकादशीला सुरू होतो आणि कार्तिक शुद्ध एकादशीला संपतो, म्हणजे बहुतेक वर्षी जुलै ते नोव्हेंबर. परीक्षेच्या तोंडाशी नेम पुरा होतो. आणि यातला बराचसा काळ तंबू माळ्यावर असतात. एरवीही या काळात माणसांनी प्रवास टाळून एका जागी राहावं अशीच रीत होती. नद्यांना पूर, वाटा बंद. आम्ही दोघी वह्या-कॅलेंडरं घेऊन जे जुळवत होतो ते सासूबाईंच्या पंचांगात आधीपासून होतं.

त्या चार महिन्यांत तिचे पहाटेचे सहा-सातच दिवस चुकले. गणपतीत पाहुणे आले तेव्हा सासूबाईंनी पाहुण्यांना बाहेरच्या खोलीत झोपवलं आणि पहाटे स्वतः चहा केला. ऑगस्टमध्ये आम्ही मारवा घेतला.

मारव्याबद्दल थोडं सांगायला हवं. तो संधिप्रकाशाचा राग, मावळतीचा. कोमल रिषभ (रे), तीव्र मध्यम (म), पंचम (प) वर्ज्य. त्यात गाणारा षड्जावर सहज येऊन टेकत नाही, रिषभ आणि धैवतावर (ध) रेंगाळत राहतो, त्यामुळे ऐकणाऱ्याला सारखं वाटतं की आता घरी पोचणार, आता पोचणार. हा रेंगाळ तिला जमत नव्हता. रिषभ लागला की लगेच ती षड्जाकडे पळायची. मी शंभरदा सांगितलं असेल, "थांब, तिथेच थांब." तिला समजत होतं, पण गळा ऐकत नव्हता. आणि विचार केला तर तिने मारवा कधी गायला होता? पहाटे पाचला, किंवा गुरुवारी रात्री आठला माझ्या ट्यूबलाइटखाली. सूर्य मावळतो तेव्हा ती शाखेत कॅश टॅली करत असते. नोकरी करणाऱ्या माझ्या सगळ्याच विद्यार्थ्यांची ही गत आहे. श्री, पूरिया, मारवा हे राग त्यांनी त्यांच्या वेळेला गायलेलेच नसतात.

परीक्षा डिसेंबरच्या सुरुवातीला झाली. ती प्रथम श्रेणीत उत्तीर्ण झाली. आलापीला चांगले गुण, ताना कमी पडल्या. ते अपेक्षित होतं.

डिसेंबरचा दुसरा शनिवार सवाई गंधर्व महोत्सवातच आला. १९५३ पासून पुण्यात हा महोत्सव चालत आला आहे आणि पुण्यात गाणं शिकणाऱ्याने तो चुकवावा असं मला कधीच वाटत नाही. पण लाल पेनाची तारीखही तीच होती. यावर घरात थोडी कुरकुर झाली. शेवटी नवरा दोन्ही मुलांना घेऊन पानशेतच्या बाजूला गेला आणि ती सासूबाईंना घेऊन सवाईला. प्रत्येक गोष्ट चौघांनी मिळूनच करायची हा आग्रह त्या दिवशी सुटला. मुलीने बापाबरोबर तंबू एकटीने उभारला, खुंट्या ठोकल्या, आणि परत आल्यावर आईला हाताचे फोड दाखवले.

आता ज्या संध्याकाळसाठी हे सगळं लिहायला घेतलं ती संध्याकाळ. जानेवारीचा चौथा शनिवार, भंडारदरा. १९२६ साली पुरं झालेल्या विल्सन धरणाचं पाणी, पाठीमागे कळसूबाई, राज्यातलं सर्वांत उंच, १,६४६ मीटरचं शिखर, समोर रतनगड. मी जाण्याआधी तिला एकच गोष्ट सांगितली होती: काही नेऊ नकोस. पेटी नाही, वही नाही, रियाजाचं ओझं नाही. दोन दिवस मुलांचे.

त्यामुळे पुढचं घडलं ते ठरवून घडलं नाही. दुपारभर ती मुलाबरोबर गाठी मारत होती; नोव्हेंबरात राहिलेली ती गाठ त्याने तिला एकदाची शिकवली. सहाच्या पुढे नवरा शेगडीला वाऱ्याचा आडोसा करत होता, मुलगी कांदा चिरत होती. सूर्य रतनगडाच्या बाजूला उतरला, पाण्याचा रंग तांब्याच्या घासलेल्या भांड्यासारखा झाला, आणि ती तांदूळ धुताधुता गुणगुणायला लागली. मारवा. तानपुरा नव्हता. मुलीने हात पुसून फोन काढला आणि आईला न सांगता चार मिनिटं ध्वनिमुद्रण केलं.

रविवारी दुपारी परतताना राजूरजवळ नेटवर्क आलं आणि ते मला मिळालं. मी ते त्या दिवशी किती वेळा ऐकलं हे सांगता येणार नाही. मागे शेगडीचा फुरफुर आवाज आहे, कुठेतरी टिटवी आहे, तांदळातलं पाणी ओतल्याचा आवाज आहे. आणि त्यात तिचा रिषभ. लागला आणि राहिला. पळाला नाही. तिथून धैवतावर गेली, तिथेही राहिली, परत रिषभावर आली. शेवटी षड्ज आलाच नाही, कारण मुलगा मध्येच म्हणाला, "आई, हे संपलंच नाही ना अजून?"

मी आठ वर्षांच्या मुलाकडून मारव्याचं याहून नेमकं वर्णन ऐकलेलं नाही.

यात निसर्गाची जादू वगैरे शोधायला माझं मन घेत नाही. त्या चार मिनिटांमागे पहाटेचे शंभरावर दिवस होते, ते नसते तर नुसतं गुणगुणणं झालं असतं. पण तेवढाच रियाज तिच्याकडे माझ्या खोलीतही होता आणि तिथे रिषभ टिकत नव्हता. तिथे तिची नजर घड्याळावर असायची, साडेनऊला घरी पोचायचं असायचं. भंडारदऱ्याला तिला कुठे पोचायचं नव्हतं. राग आणि त्याची वेळ यांचा संबंध मी विद्यार्थ्यांना पाठ करायला लावते, परीक्षेत त्यावर प्रश्नही असतो. त्या रविवारी मला वाटलं की एवढी वर्षं मी तो नुसता पाठच करून घेतला. तेव्हापासून मी वर्षातून दोनदा सगळ्या वर्गाला मावळतीला पर्वतीमागे घेऊन जाते.

मेच्या शेवटी ते पुन्हा तिकडेच गेले, काजव्यांसाठी. पहिल्या पावसाच्या आधी घाटघर, पांजरे, उडदावणे या भागात हिरडा, बेहडा, सादडा, जांभळीची झाडंच्या झाडं एका लयीत उजळतात आणि विझतात. नर काजवे मादीला बोलवत असतात, त्यामुळे तिथे बॅटरी मारायची नाही, गाडीचे दिवे बंद, आवाज नाही. त्या सहलीत ती एक सूरही गायली नाही. मुलाने बॅटरीच्या काचेवर लाल जिलेटिन चिकटवलं होतं आणि ती बॅटरीही त्याने पायापुरतीच वापरली. ती मला म्हणाली, "ताई, लय बघत बसले. मोजायला गेले आणि मात्रा चुकल्या."

आता मुलगी दहावीत गेली आहे. लाल पेनाच्या तारखा या वर्षी तीनच आहेत आणि त्यावरून मुलाची नाराजी आहे, ती अजून मिटलेली नाही. नवऱ्याने त्याला एकट्याला दोनदा नेऊ म्हटलं आहे. पुढच्या, विशारद प्रथम परीक्षेची तयारी सुरू झाली, पण तानांचा प्रश्न तसाच आहे. मोकळ्या आवाजात गायला जागा नाही आणि वेळही नाही. सध्या ती रविवारी सकाळी गच्चीवर पाण्याच्या टाकीमागे अर्धा तास बसते. टाकीमुळे आवाज खाली कमी जातो, पण पूर्ण थांबत नाही, आणि खालच्या मजल्यावरच्या आजी कठड्याशी येऊन ऐकत उभ्या राहतात. दहावीचा शेवटचा पेपर मार्चमध्ये आहे. मेअखेरीची तारीख मुलीनेच, आधीच, कॅलेंडरवर लिहून ठेवली आहे.